दहा लिटरला किती?

१५ नोव्हेंबर २०२५, शनिवार. कापडे

दर दहा वर्षांनी मी रोजनिशी लिहायचं ठरवतो आणि चौथ्या दिवशी सोडून देतो. या वेळी निदान वही तरी चांगली मिळाली आहे. वही माझी नाही, माझ्या मोठ्या भावाची, मंगेशदादाची आहे. गाडीच्या समोरच्या खणात, टायरचा प्रेशर बघायच्या काडीखाली सापडली. अर्धी भरलेली, अर्धी कोरी.

भरलेल्या अर्ध्यात फक्त पेट्रोल आहे. तारीख, गाव, किती लिटर भरलं, मागच्या भरण्यापासून किती किलोमीटर झाले आणि शेवटी ॲव्हरेज, दशांशासकट. शेवटची ओळ २६ मार्च २०२१, पनवेल, १२.१. शिमग्याला गावी येतानाची. त्यानंतर दादाने पेट्रोल भरलंच नाही. मे महिन्यात तो गेला.

गाडी म्हणजे स्टेशन वॅगन. दीडशे घोड्यांची, पेट्रोलवर चालणारी, लांबलचक, मागे डिकीच्या जागी चक्क एक खोली. दादा मुंबईत एका हॉस्पिटलात लिफ्टचा मेकॅनिक होता. तिथले एक डॉक्टर परदेशी निघाले, त्यांच्याकडून त्याने ही घेतली. वाडीत तिला सगळे लांबडी म्हणतात.

आता मुद्द्याचं. गाडी कागदावर शुभमची, म्हणजे दादाच्या मुलाची. येत्या वीस फेब्रुवारीला तिला पंधरा वर्षं होतात. पुन्हा पासिंग करावं लागेल, नाहीतर विकावी लागेल. शुभमचं म्हणणं सरळ आहे. "काका, दहाच्या वर ॲव्हरेज देत असेल तर ठेवू या, तुम्ही वापरा. दहाच्या खाली असेल तर माझ्याकडे चिपळूणचं गिऱ्हाईक आहे." मुलगा व्यवहारी आहे आणि बोलतो त्यात चूक काही नाही. पण ती गाडी दुसऱ्याच्या अंगणात उभी राहिलेली मला बघवणार नाही, हेही इथे लिहून ठेवतो.

मी मोजणी कचेरीत बत्तीस वर्षं काढली. लोकांचे बांध मोजले. एका गाडीचं पेट्रोल मोजायला मला अवघड जाऊ नये. टाकी गळ्यापर्यंत भरायची, चालवायची, पुन्हा गळ्यापर्यंत भरायची, भागाकार करायचा. डॅशबोर्डवरचा ॲव्हरेजचा आकडा केव्हाच मेला आहे, त्यामुळे वहीच खरी.

आजचा भागाकार: अठ्ठावीस दिवसांत ४१२ किलोमीटर, ४९.६ लिटर. ८.३.

दादाचे बारा आणि माझे आठ. दोनदा करून पाहिला.

२२ नोव्हेंबर

जूनमध्ये माझी अलिबागहून महाडला बदली झाली. निवृत्तीआधीची वर्ष-दोन वर्षं घरी राहून नोकरी करावी, वडिलांजवळ, आप्पांजवळ राहावं, म्हणून माझी बायको सरिता आणि मी कापड्याला आलो. त्याआधी वर्षातून तीनदा यायचो तेव्हा घराच्या बाजूच्या उघड्या शेडमध्ये ताडपत्रीखाली लांबडी दिसायची. ताडपत्री उचलायची माझी हिंमत कधी झाली नाही.

जूनमध्ये उचलली. चार वर्षं उभी असलेली गाडी, म्हणून महाडहून विनीत मिस्त्रीला बॅटरी घेऊन बोलावलं होतं. त्याने गंमत म्हणून आधी चावी फिरवली आणि गाडी पहिल्या फटक्यात चालू झाली. टायरसुद्धा बसलेले नव्हते. विनीत म्हणाला, "साहेब, अशी बॅटरी मी जन्मात बघितली नाही. परदेशी माल तो परदेशी माल." मलाही भरून आलं. दादाचीच गाडी ती, आपल्या माणसांना अडवून कशी धरेल असं वाटलं.

चावी मात्र एकच आहे. दुसरी हॉस्पिटलात गहाळ झाली असावी, असं शुभम म्हणतो.

आठवड्याभर मी मोटारसायकलने महाडला जातो. गाडी फक्त रविवारी आणि सणावारी काढतो. आज आठवणी फार येत आहेत. दादाने गाडी पहिल्यांदा आणली तेव्हा मागची सीट पाडून आईला तिथे गादी घालून दिली होती. दादाच्या भांडुपच्या घरापासून कापड्यापर्यंत आई झोपून आली आणि उतरल्यावर म्हणाली, "मंगेश, मधी मधी उठवायचंस तरी रं, मानगाव बघायचं राहून गेलं माजं." परत जाताना त्याच जागेत तांदळाच्या चार गोण्या, फणस, सुकट आणि कोणाची तरी शिलाई मशीन. गाडी मागून इतकी बसायची की पुढचे दिवे झाडांवर पडायचे. तरी वहीत त्या दिवशी ११.४ लिहिलंय. त्याचा हातच तसा होता.

आप्पांचा हात त्याच्याकडे आला. आप्पा म्हणजे रावजी पार्टे, महाड डेपोचे ड्रायव्हर, अठ्ठावीस वर्षं कशेडी घाट. तेव्हा डेपोत एका फळ्यावर खडूने लिहायचे, कोणत्या ड्रायव्हरने दहा लिटर डिझेलला किती किलोमीटर काढले. एका लिटरचा हिशेब एसटीत कोणी करत नसे. आप्पा सलग सहा वर्षं पहिले होते. त्याचं बक्षीस मिळालेलं भिंतीवरचं घड्याळ अजून ओटीवर टिकटिकतं आहे.

आणि हा माणूस माझ्या गाडीत बसायला तयार नाही. जूनपासून किती वेळा म्हटलं, आप्पा, चला, पोलादपूरला चक्कर मारू. उत्तर ठरलेलं. "मला गाडी लागती."

अठ्ठावीस वर्षं कशेडी! गाडी लागते म्हणे! दादाशेजारी मात्र ते पुढच्या सीटवर बसून मुंबईपर्यंत जायचे, तेव्हा काही लागत नव्हतं. मी मोटार शिकलो बावन्नाव्या वर्षी, तेही अलिबागच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये. त्यांच्या लेखी मी ड्रायव्हर नाहीच. हे मला लागतं. पण मी बोलत नाही.

३० नोव्हेंबर, रविवार

विनीतने प्लग बदलले, हवेचा फिल्टर साफ केला. चारही चाकांत हवा मोजून भरली. आज भागाकार केला. ८.२.

सगळं करून एक दशांशाने कमीच आलं.

माझीच चूक असेल म्हणून गेल्या रविवारी मी नववधूसारखी गाडी चालवली. खेडला जायचं होतं तर बोगद्यातून न जाता मुद्दाम जुन्या कशेडी घाटाने गेलो, आप्पा कसे चालवत असतील ते आठवत. घाटात आता शुकशुकाट आहे, सगळे बोगद्यातून जातात. माकडं कठड्यावर बसून माझ्याकडे बघत होती. मागून आलेला एक टेम्पोवाला ओरडला, "काका, ढकलू काय?"

आणखी एक. दर रविवारी बघावं तर ड्रायव्हरची सीट पुढे सरकलेली. माझे गुडघे स्टिअरिंगला लागतात. सरिताला विचारलं तर म्हणाली, "झाडताना मीच सरकवते." रोज झाडतेस? "रोज." घर इतकं रोज झाडलेलं मी पाहिलेलं नाही. पण हे बोलून दाखवण्याइतका मी मूर्ख नाही.

रात्री जेवताना मात्र मी तोंड सोडलंच. म्हटलं, असंच राहिलं तर फेब्रुवारीत गाडी गेली समजा.

आप्पांचा घास हातातच राहिला. "कुठं जानार?"

"शुभम विकणार. दहाच्या वर ॲव्हरेज आलं नाही तर ठेवायची नाही म्हणतो."

"दहा लिटरला किती देते आता?"

"त्र्याऐंशी. फार तर."

"आनी किती पायजेत?"

"शंभर."

"सतरा कमी," आप्पा म्हणाले आणि भात तसाच टाकून उठले. सरिता माझ्याकडे अशी बघत होती की जणू मीच पेट्रोल प्यायलो. पुढे म्हणाली, "गाडी काय चालतानाच खाते असं नाही. उभी राहूनही खात असेल."

बायकांना यंत्रातलं काही कळत नाही. उभ्या गाडीला कसली आली आहे भूक!

७ डिसेंबर

थंडी पडली. भात झोडून झालं, पेंढा रचला. आप्पांचा खाकी शर्ट दोरीवर वाळत होता. नोकरीतला जुना शर्ट, खिशावरचा बिल्ल्याचा डाग अजून तसाच. हा घालून ते कुठे जातात कोण जाणे. शेजारचा चांगू आला होता. चांगूची तीनआसनी रिक्षा आहे, कापडे ते पोलादपूर. आम्ही अलिबागला असताना आप्पांना दोन वेळचं जेवण त्याच्याच घरून यायचं. आप्पा आणि तो पडवीत काहीतरी हळू बोलत होते. मी गेलो तशी दोघांनी पावसाची गोष्ट काढली. डिसेंबरात!

१४ डिसेंबर, रविवार

१३.९!

२१० किलोमीटर, १५.१ लिटर. पंपावरच्या पोराकडून कागद मागून घेतला, त्यावर भागाकार केला, नंतर मोबाइलवर केला. १३.९. दादाच्याही वर!

तिथूनच शुभमला फोन लावला. तो म्हणाला, "काय सांगता काका, बाबांना पण एवढं कधी मिळालं नव्हतं." मी म्हटलं, हात बसायला वेळ लागतो बाबा. घरी येऊन आप्पांनाही सांगितलं. "आप्पा, दहा लिटरला एकशे एकोणचाळीस!" मला वाटलं, आता तरी म्हणतील, चल, बघू तुझा हात.

ते चष्मा पुसत म्हणाले, "मग आता इकनार नाय ना?"

"नाही विकणार."

"ब्येस झालं," म्हणाले आणि आडवे झाले. सत्त्याऐंशी साली त्यांनी घड्याळ आणलं तेव्हा आम्ही दोघा भावांनी घरभर नाच केला होता. माझ्या एकशे एकोणचाळीसला एक ब्येस.

तरी आज मी खूश आहे. दादाच्या १२.१ खाली माझा आकडा शाईने लिहिला.

२८ डिसेंबर, रविवार

२२.६.

हे काय आहे मला कळत नाही. १९० किलोमीटरला ८.४ लिटर. दोनदा टाकी हलवून भरली, पेट्रोल वर येऊन सांडलं. पंप बदलला होता, म्हणून परत जुन्या पंपावर गेलो, तिथे आणखी एक थेंब जाईना.

विनीत मिस्त्री पोट धरून हसला. "साहेब, ही गाडी पेट्रोल पीत नाय, देते. एक पाइप माझ्या घरी टाका."

बत्तीस वर्षांत माझ्या हातची एकही मोजणी परत आली नाही. आता ही लांबडी मला वेड्यात काढते आहे. शुभमला हा आकडा सांगितलेला नाही. कोण विश्वास ठेवील?

४ जानेवारी २०२६, रविवार

उलगडा झाला. झाला तो चांगला झाला नाही.

सकाळी शेतावरून परत येताना बघतो तर शेडमध्ये चांगू. हातात पाच लिटरचा प्लास्टिकचा कॅन, गाडीच्या टाकीचं झाकण उघडं. मला बघून त्याने कॅन पाठीमागे लपवला. पाच लिटरचा कॅन पाठीमागे लपतो थोडाच! नळी नव्हती, पण नळी लपवायला कितीसा वेळ लागतो.

मी सगळी संगती लावली. हा पेट्रोल काढत होता, म्हणून आठ येत होतं. मी जेवताना बोललो ते याच्या कानावर गेलं, घाबरला, काढलेलं परत आणून ओतू लागला, म्हणून तेरा आणि बावीस. रिक्षा फुकट चालवायची आणि वर आप्पांच्या जेवणाचे उपकार!

मी त्याला बोललो. मोठ्याने बोललो, चार घरांना ऐकू जाईल असं. "चांगू, मागितलं असतंस तर दिलं असतं. दादाच्या गाडीतलं चोरायला तुझा हात धजला कसा?"

चांगूने ओटीकडे पाहिलं. ओटीवर आप्पा बसले होते. आप्पांनी मान खाली घातली. मग चांगू माझ्याकडे वळून म्हणाला, "व्हय भाऊ. चुकलं माजं."

एवढंच. हात जोडले आणि गेला. माझ्या मनासारखं झालं होतं, तरी दिवसभर जेवण गोड लागलं नाही. आप्पा मात्र संध्याकाळी न सांगता त्याच्या घरी जाऊन बसले. चोराकडे!

६ जानेवारी

सरिता दोन दिवस माझ्याशी बोलत नाही. चहा समोर आदळते. आज एवढंच म्हणाली, "जमीन मोजून मोजून माणसं मोजायची राहिली तुमची." मला राग आला. चहा तसाच ठेवून मोटारसायकल काढली.

२१ जानेवारी, बुधवार

अंगात ताप आहे. तरी आजचं आजच लिहितो.

कचेरीत बारा वाजता थंडी वाजून आली. मोटारसायकल तिथेच ठेवून एसटीने निघालो. कापड्याच्या थांब्यावर उतरलो तेव्हा दोनला पाच कमी होते. घरापाशी आलो तर इंजिनचा आवाज. दीडशे घोडे, अगदी शांत, एका लयीत.

शेडमध्ये लांबडी चालू होती. आत, ड्रायव्हरच्या सीटवर, आप्पा. अंगात खाकी शर्ट, वरचं बटण लावलेलं, केस पाणी लावून बसवलेले. सीट पुढे ओढलेली. दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर समोर. समोर काय, तर पेंढ्याची उडवी. ओटीच्या पायरीवर सरिता तांदूळ निवडत बसली होती. मला बघून ती उभी राहिली आणि हातानेच म्हणाली, थांबा, बोलू नका.

मी थांबलो नाही. दार उघडलं. आप्पांनी दचकून इंजिन बंद करायला हात नेला. चावीला लाल लोकरीचा गोंडा होता. दुसरी चावी.

"आप्पा, हे काय?"

त्यांनी चावीवरचा हात परत स्टिअरिंगवर ठेवला. इंजिन चालूच होतं.

"मंगेश बोलला व्हता," ते म्हणाले.

"काय बोलला होता?"

"त्या सालात. गाड्या बंद झाल्या. हॉस्पिटलातनं फोन आला, लिफ्ट बंद पडली, मानसं आजारी, ये म्हनून. गाडीला पास मिळाया दोन दिस लागनार व्हते. औषदाचा टेम्पो चालला व्हता म्हाडावरनं, त्यात गेला. टेम्पोत चढता चढता ही चावी दिली. बोलला, आप्पा, रोज अर्धा तास चालू करत जावा, नायतर बॅटरी बसल. मी येईस्तोवर."

मला बसायला काहीच नव्हतं. दार धरून उभा राहिलो.

"आप्पा, दादा..."

"तो येनार नाय, ते मला काय ठावं नाय?" आप्पा म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "पन त्यानं थांबवा असं काय सांगितलं नाय रे."

पावणेपाच वर्षं. रोज दोन वाजता अर्धा तास, मी घरी असलो की मी शेतावर गेल्यावर. चांगू कॅनमधून पेट्रोल आणून द्यायचा, हवा भरायचा, पावसाळ्यात ताडपत्री धरायचा. मी आल्यावर मी टाकी भरू लागलो, म्हणून कॅन थांबला. आणि मी जेवताना दहाच्या आकड्यासाठी गळा काढला, म्हणून पुन्हा सुरू झाला. "सतरा कमी पडत व्हतं," आप्पा म्हणाले, "म्हनलं माज्यामुळं कमी पडतंय, आपन भरून काढावं." किती भरायचं याचा अंदाज चुकला, डोळ्यांना कॅनवरच्या रेघा दिसत नाहीत.

"मला सांगायचं होतं."

"तू मोजनारा मानूस. म्हनला असतास, कशापायी जाळता."

म्हटलं असतं. ते सरितालाही ठाऊक होतं, म्हणून तिनेही सांगितलं नाही. पहिल्याच आठवड्यात तिला आपसूक उमगलं ते मला सात महिन्यांत कळलं नाही.

मी पलीकडून गेलो, पुढचं दार उघडलं आणि त्यांच्या शेजारी बसलो. आप्पांनी घड्याळात बघितलं. अजून अकरा मिनिटं बाकी होती. आम्ही दोघे पेंढ्याकडे बघत बसलो. मध्येच त्यांनी कान टवकारून सांगितलं, "दुसऱ्या प्लगात अजून खोट हाय. तुज्या मिस्तरीला सांग." मी बरं म्हटलं. तापात मला रडू आवरलं नाही आणि त्यांनी ते पाहिलं नाही असं दाखवलं.

आप्पांनी मला गाडीत शेजारी घ्यावं, असं मला दादाची ईर्ष्या करायला लागल्यापासून वाटत होतं. आज घेतलं. गाडी एक इंचही हलली नाही.

वहीत ओळ केली: किलोमीटर शून्य, अर्धा लिटर.

२२ जानेवारी

ताप उतरला नव्हता तरी सकाळी चांगूकडे गेलो. चार घरांना ऐकू जाईल असं त्याला बोललो होतो, म्हणून माफीही अंगणात उभं राहून मोठ्याने मागितली. चांगू लाजला. "ऱ्हाऊ द्या भाऊ. आप्पांनी शपथ घातलेली."

"अरे, पण चोर म्हणवून घ्यायचं?"

"तुमी थोडंच कायमचं म्हननार व्हता," तो म्हणाला आणि आत चहा सांगायला गेला.

२५ जानेवारी, रविवार

चार दिवस घालवले. फोन हातात घेत होतो, ठेवत होतो. १३.९ आधीच सांगून झालं होतं. गप्प बसलो असतो तर गाडी राहिली असती. पण खोटी मोजणी मी कधी दिली नाही आणि दादाच्या वहीत तर नाहीच देणार. गाडी गेली तर दोन वाजता आप्पा काय करतील, हे मात्र कुठल्याच हिशेबात बसत नव्हतं.

शेवटी लावला फोन. म्हटलं, "शुभम, तेरा पॉइंट नऊ खोटं आहे. बारासुद्धा नाही. खरं ॲव्हरेज आठ पॉइंट तीन."

तो म्हणाला, "मग काका, चिपळूणवाल्यांना..."

"आधी ऐक. चालत्या गाडीचंच काढलं तर साडेअकरा येतं; तू म्हणशील, तेच धरू. पण मी ते धरणार नाही. ही गाडी रोज अर्धा तास उभी चालते, ते वजा करायचा मला अधिकार नाही." आणि मग सगळं सांगितलं. टेम्पो, चावी, लाल गोंडा, मी येईस्तोवर.

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मागे निशिगंधा वहिनींचा आवाज ऐकू आला, काय झालं रे, म्हणून. मग शुभम नाक ओढत म्हणाला, "तो गोंडा आईनं विणलेला आहे."

थोड्या वेळाने म्हणाला, "पासिंगला कधी आणताय?"

१५ फेब्रुवारी, रविवार. भांडुप

गाडी मुंबईच्या नंबरची, म्हणून पासिंग मुंबईत. काल पहाटे निघायचं होतं. मी गाडी बाहेर काढली आणि बघतो तर आप्पा खाकी शर्ट घालून, पिशवी घेऊन अंगणात उभे. सरिताने त्यांच्या हातात दोन लिंबं आणि एक प्लास्टिकची पिशवी दिली. "गाडी लागते ना तुम्हाला," असं म्हणून तोंडाला पदर लावला. आप्पांनी लिंबं खिशात टाकली आणि पुढच्या सीटवर बसले.

पोलादपूरपर्यंत ते माझ्या पायांकडे बघत होते. सावित्रीच्या पुलावर पहिली शिकवणी सुरू झाली. "बिरेक कशाला मारतोस? समोर टरक दिसतोय ना, आदीच पाय उचल." मग माणगाव: "चढन दिसायच्या आत गेर टाकावा." कोलाडला: "आता जरा बरं." मी बावन्नाव्या वर्षी शिकलो ते सगळं अठ्ठावन्नाव्या वर्षी पुसून पुन्हा शिकलो. माणगावात गाडी मुद्दाम हळू केली आणि म्हटलं, आईचं बघायचं राहिलं होतं, तुम्ही बघा. त्यांनी काच खाली करून नीट बघितलं.

नागोठण्याच्या पुढे दोन वाजले. वाटेत विनीतकडे प्लग बदलण्यात सकाळ गेली होती. आप्पांनी मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं, इंजिनचा आवाज ऐकला आणि म्हणाले, "आज नको करायला. चालूच हाय."

भांडुपला पोचलो तर बिल्डिंगखाली शुभम आणि वहिनी उभे. दादा गेल्यापासून आप्पा इथे आलेले नव्हते. दादाला कोणालाच बघू दिलं नव्हतं, त्यामुळे इकडे यायचं काही कारणच उरलं नव्हतं. ते उतरले, शर्ट खाली ओढला, खिशातून लाल गोंड्याची चावी काढली. त्याच्याबरोबर एक लिंबूही आलं, ते परत खिशात टाकलं. डेपोत ड्यूटी संपल्यावर गाडी हवाली करायचे तसे शुभमसमोर सरळ उभे राहिले.

"तुज्या बापानं सांगितलं व्हतं, चालू ठेवा," ते म्हणाले. "ठेवली हाय. बग. एक दिस चुकला नाय."

शुभम तीस वर्षांचा आहे, माझ्यापेक्षा हातभर उंच. तो वाकला आणि आप्पांच्या खांद्यावर डोकं ठेवून लहान पोरासारखा रडला. वहिनींनी माझा हात धरला. रस्त्यात आमच्यामुळे मागे दोन रिक्षा अडल्या होत्या, पण कोणी हॉर्न वाजवला नाही.

मग शुभमने चावी घेतली, गोंड्यावरून बोट फिरवलं आणि आप्पांच्या खाकी शर्टाच्या खिशात परत टाकली. "आजोबा," तो म्हणाला, "थांबवा असं मी तरी कुठे सांगितलंय?"

आप्पांनी खिशावर हात ठेवला. मग माझ्याकडे वळून, दादाला विचारायचे त्याच आवाजात विचारलं, "सुहास, येताना दहा लिटरला किती दिली रे?"

मी वही उघडली. निघताना टाकी भरायलाच विसरलो होतो.